खर्जाची बाजू

खेडसारख्या तालुक्याच्या गावी मराठीचा प्राध्यापक बेस गिटार वाजवतो, ही बातमी फार काळ बातमी राहत नाही. लवकरच ती विनोदाच्या सदरात जमा होते. "सर, तुमच्या गिटारीला दोन तारा कमी का?" हा प्रश्न आम्ही इथे नोकरीला आलो त्या वर्षी, २००६ साली, पहिल्यांदा ऐकला आणि तो अजूनही विचारला जातो. विचारणारे बदलतात, हसू तेच असते. आता या लेखात सतत 'आम्ही' येईल, त्याचाही खुलासा करून टाकतो. जुन्या निबंधकारांच्या सहवासात ही खोड लागली हे खरे. पण बेसवाल्याच्या तोंडी ती तशी शोभतेही. त्याच्याजवळ एकट्याने वाजवून दाखवण्यासारखे फारसे काही नसते.

गेल्या पंचवीस वर्षांत आमच्याकडे चार बेस गिटारी आणि तीन अॅम्प्लिफायर येऊन गेले. 'संग्रह' म्हणावे इतके ते मोठे नाही, आणि यातली एकही वस्तू जाणकाराने पाहायला यावी अशी नव्हती. तरीही आम्ही त्या एकमेकींशेजारी ठेवून, एकच ओळ चारही गिटारींवर वाजवून, कान टवकारून अनेक रात्री घालवल्या. ही तुलनेची सवय आम्हांला गिटारीने लावली नाही. ती आमच्या वडिलांच्या पखवाजाने लावली.

अण्णा भजनात पखवाज वाजवीत. त्यांच्याकडे दोन पखवाज होते, एक खैराचा आणि एक शिसवी. भजनाला निघण्यापूर्वी अर्धा तास त्यांचे ओटीवर जे चाले ते आम्ही लहानपणी रोजच्या पूजेसारखे पाहिले आहे. आधी उजवी बाजू. गठ्ठ्यांवर हातोडीचे बेताचे ठोके देत देत शाईची पुडी पेटीच्या स्वरात आणायची. मग आईकडे हात पुढे करायचा आणि आईने कणकेचा गोळा हातावर ठेवायचा. पोळीच्या कणकेपेक्षा ही कणीक सैल लागते. ती डाव्या पुडीच्या मधोमध थापायची, थाप मारून ऐकायचे, चिमूटभर काढायची किंवा वाढवायची, पुन्हा ऐकायचे. कणीक वाढली की स्वर खाली उतरतो. उजवीच्या स्वरापासून बरोबर एक सप्तक खाली डावी बसली की अण्णा मान हलवीत. भजन संपले की ती कणीक खरवडून टाकायची. दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्यापासून. खर्ज ही रोज नव्याने मळायची गोष्ट आहे, असे त्या वयात आमच्या मनावर ठसले असावे.

सी. व्ही. रामन यांनी आपल्या चर्मवाद्यांवर काम केले होते, हे आम्हांला फार उशिरा, एम. ए. झाल्यावर कळले. १९२० साली त्यांनी एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या टिपणात आणि पुढे १९३४ च्या निबंधात दाखवले आहे, की साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नगाऱ्याचा आवाज हा नुसता आवाज राहतो. पण मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाईचा थर चढवला की तेच उपस्वर तारेच्या उपस्वरांसारखे रांगेत येतात आणि कातडे गाऊ लागते. अण्णांना आम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग डाव्या बाजूचं काय म्हणतात ते?" डाव्या बाजूच्या माणसाचा हा प्रश्न आम्हांला तेव्हा कळायला हवा होता.

बेस गिटार आम्ही पहिल्यांदा पाहिली ती मुंबईत. कलिन्याच्या विद्यापीठात एम. ए. करत असताना लालबागच्या बाजूला एका वाद्यवृंदाच्या तालमीला मित्राबरोबर गेलो होतो. गायक, की-बोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला यांच्यामागे एक गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांची बोटे हलत होती, एवढेच. काय वाजत होते ते कळत नव्हते. मध्येच त्यांना कोणी तरी हाक मारली, ते थांबले, आणि सगळ्या गाण्याखालची जमीन निघून गेली. गाणे चालू होते, चूक कुणाचीच झाली नव्हती, फक्त उभे राहायला जागा उरली नव्हती. आम्ही त्या रात्री होस्टेलवर परत येताना ठरवले, की हे वाद्य शिकायचे.

धोबीतलावच्या दुकानांतल्या काचेपलीकडच्या गिटारी आमच्या शिष्यवृत्तीत बसत नव्हत्या. २००१ साली एका वाद्यवृंदातून निवृत्त होणाऱ्या वादकाकडून आम्ही आमची पहिली बेस घेतली, अठ्ठावीसशे रुपयांना. ती कोलकात्याची होती. तिची मान धनुष्यासारखी वाकलेली होती, त्यामुळे वरच्या पडद्यांवर तार दाबायला बोटांत सुताराची ताकद लागे. ती वाकवण्यात बनवणाऱ्यापेक्षा दादरच्या पोटमाळ्यावरच्या पावसाळ्यांचा हात अधिक असावा. पण तिच्या चार तारा खालून वर मोजल्या तर पहिली सेकंदाला ४१ वेळा कंप पावणारी, दुसरी ५५, तिसरी ७३ आणि चौथी ९८. या आकड्यांना मान वाकली म्हणून फरक पडत नाही. तारा नीट लावल्या की तीही बेसच.

वाचकांपैकी ज्यांना या वाद्याचा इतिहास ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाएवढ्या उंचीच्या, उभ्याने वाजवायच्या डबल बेसवर पडदे नसतात आणि तो उचलून गावोगाव नेणे हा स्वतंत्र पराक्रम असतो. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली ३४ इंचांची तार असलेली, गळ्यात अडकवायची, पडदे असलेली विजेची बेस बाजारात आणली आणि तिचे नाव ठेवले 'प्रिसिजन'. पडद्यामुळे स्वर नेमका लागतो, हे त्या नावाचे कारण. जर्मनीतल्या हॉफ्नर कंपनीने १९५६ मध्ये व्हायोलिनच्या आकाराची, आखूड तारेची बेस काढली. तीच पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये विकत घेतली. ती १९७२ मध्ये चोरीला गेली आणि अर्ध्या शतकानंतर सापडून त्यांच्याकडे परत आल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. हे वाचले त्या दिवशी आम्ही वर्गात काय शिकवले ते आठवत नाही.

आपल्याकडे हे वाद्य चित्रपटसंगीतातून आले, आणि ज्यांनी आणले त्यांची नावे कॅसेटच्या वेष्टनावर छापली गेली नाहीत. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवत. त्या गाण्यांवर पोसलेल्या पिढीतल्या किती जणांना ते नाव सांगता येईल? चरणजित सिंग हेही चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बेस वाजवणारे. त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर यंत्रांतून वाजवलेली एक तबकडी काढली. ती तेव्हा कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले. त्या तबकडीवर रोलँड कंपनीचे जे छोटे यंत्र आहे ते मुळात बेस वाजवणाऱ्या माणसाची जागा घ्यायला बनवलेले होते. एका बेसवाल्याने आपली जागा घ्यायला आलेल्या यंत्रालाच मालकंस शिकवला, या गोष्टीचे आम्हांला फार कौतुक वाटते. आमच्या वाट्याला असे काही आले नाही. २००४ साली आमच्या वाद्यवृंदाच्या चालकाने सांगितले, की की-बोर्डच्या डाव्या हाताने बेस होतो, तेव्हा उद्यापासून येऊ नका. त्याचे गणित बरोबर होते. एका माणसाचे मानधन आणि टेम्पोतली एक जागा वाचत होती.

पुढे सेट झालो, गावी आलो, तासिका तत्त्वावर लागलो. ज्यांनी त्या तत्त्वावर काम केले आहे त्यांना त्याचे वर्णन नको आणि ज्यांनी केले नाही त्यांना ते पटणार नाही. एवढेच सांगतो, की त्या वर्षांत कोणत्याही वस्तूची किंमत आम्ही तासांत मोजत असू. त्यामुळे दुसरी गिटार आम्ही घेतली नाही, ती आली. भरणे नाक्याजवळ राहणारा आमचा शाळासोबती कुवेतला होता. तो सुट्टीवर येताना यामाहाची एक बेस घेऊन आला आणि म्हणाला, "पैसे कधी तरी दे. विमानतळावर लोक मला कलावंत समजत होते, त्यातच फिटले." ती आजवर वाजवलेली सर्वांत सरळ स्वभावाची गिटार. जे वाजवाल ते ऐकवते, चूकसुद्धा.

तिसरी व्हायोलिनच्या आकाराची नक्कल, आखूड तारेची. आखूड तारेला ताण कमी, म्हणून आवाज गुबगुबीत आणि थोडा आळशी. प्रिसिजनच्या जातीच्या गिटारीचा स्वर सुरू कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येते. हिचा स्वर सुरू होत नाही, तो उगवतो. पखवाजाच्या डाव्या थापेच्या सर्वांत जवळ जाणारी हीच, असे आमचे मत झाले. अण्णांचे मत वेगळे होते. त्यांना तिन्हींतले काहीच आवडत नसे. "हे ऐकू कुठे येतंय?" हा त्यांचा आक्षेप.

तो आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतला, आणि अॅम्प्लिफायरांचे प्रकरण तिथून सुरू झाले. आमचा पहिला अॅम्प्लिफायर म्हणजे मांडववाल्याकडून उसना आणलेला आहुजाचा, कर्ण्यासकट. सत्यनारायणाला, आरतीला, निवडणुकीला गावोगाव जो गरजतो तोच. माणसाच्या शब्दासाठी तो कर्णा बनवलेला आहे आणि शब्द तो मैलभर नेतो. खर्ज मात्र त्याच्या नरड्यातून उतरत नाही. आम्ही तार छेडली तर कर्ण्यातून फक्त बोटाची टकटक आली. मग सुताराकडून सागाच्या फळ्यांची एक पेटी करून घेतली आणि तिच्यात पंधरा इंची स्पीकर बसवला. तो आमचा दुसरा. तिसरा, खोलीत सरावासाठीचा, तीस वॅटचा.

या तिघांना ओटीवर, माजघरात, अंगणात आणि देवळाच्या सभामंडपात लावून आम्ही जे शिकलो ते कोणत्या पुस्तकात वाचले असते तर विसरलो असतो. सर्वांत खालच्या तारेची एक लाट आठ मीटरांहून लांब असते. आमच्या ओटीत ती मावतच नाही. म्हणून अॅम्प्लिफायर कोपऱ्यात ढकलला तर घर घुमते, मधे ठेवला तर पातळ होते, आणि अंगणात नेला की सगळा खर्ज आंब्याकाजूच्या बागेत निघून जातो. कानाचाही पक्षपात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले, की आवाज लहान असताना कान खालच्या स्वरांना उंच स्वरांपेक्षा कितीतरी कमी दाद देतो. त्यामुळे गिटारवाल्याला जिथे तीस वॅट पुरतात तिथे बेसवाल्याला तीनशेही कमी वाटतात. अँपेग या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये तीनशे वॅटचा आणि दहा-दहा इंचांच्या आठ स्पीकरांचा जो डोंगर उभा केला त्याचे कारण नुसती हौस नव्हती.

आणि तरीही आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टरच्या मूठभर स्पीकरवर बेस ऐकू येत होता, तो कसा? तो तिथे नव्हताच. ४१ चा मूळ स्वर त्या स्पीकरला झेपत नाही. पण त्याचे ८२, १२३ असे उपस्वर येतात, आणि त्यांच्या अंतरावरून मेंदू नसलेला पाया स्वतःच रचून घेतो. आम्ही इतकी वर्षे जे ऐकत होतो ते आम्हीच आत वाजवीत होतो. वाचकाच्या मनात अर्थ कसा तयार होतो, यावरची व्याख्याने देताना हे उदाहरण आम्ही दोनदा वापरले. दोन्ही वेळा मुलांनी वह्यांत काहीही लिहून घेतले नाही. मर्ढेकरांचा लयविचार शिकवताना मात्र बेस कामाला येते. संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे फळ्यावर लिहून झाली की आम्ही बाकावर टाळ्यांनी ठेका धरायला लावतो आणि त्याविरुद्ध दुसरी ओळ गुणगुणतो. शेजारच्या वर्गातून तक्रार येते, पण विरोध म्हणजे काय ते कळते.

चौथी गिटार आम्ही घडवली असे म्हणायला हरकत नाही. जॅको पास्टोरिअस या अमेरिकन वादकाने आपल्या बेसचे पडदे उपटून काढले, खाचा बुजवल्या आणि वर होड्यांना लावतात ते इपॉक्सी फासले, अशी कथा वाचली होती. पडदे गेले की दोन स्वरांमधली जागा मोकळी होते. मींड घेता येते. आम्हांला तर ती कोलकात्याची वाकडी गिटार डोळ्यांपुढे दिसू लागली. खेडच्या सुताराने पडदे काढले, सागाच्या बारीक पट्ट्यांनी खाचा भरल्या आणि वाकलेली मान तासून जमेल तितकी सरळ केली. रेझिनसाठी आम्ही हर्णैला गेलो. फायबरच्या होड्यांची डागडुजी करणाऱ्या माणसाने गिटार उलटीसुलटी पाहिली आणि विचारले, "पाण्यात घालायचीय?" नाही म्हटल्यावर त्याची निराशा झाल्यासारखी दिसली. तरी तीन हात त्याने मन लावून दिले. त्यानंतर ती गिटार काचेसारखी चमके, आणि तिच्यातून जो स्वर निघे तो गिटारीचा नव्हता. कुणी तरी तोंड मिटून गातो आहे असा होता.

ही गिटार वाजवली तेव्हा अण्णा पहिल्यांदा ओटीवरून आत आले. बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "ही जरा बोलते."

त्या वेळी त्यांचे कान जाऊ लागले होते. म्हातारपणी ऐकू येणे वरच्या टोकाकडून कमी होत जाते. आधी स, श, त, च यांसारखी व्यंजने जातात आणि स्वर मागे उरतात. त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. अण्णांना 'चहा' आणि 'सहा' यांतला फरक कळेना. यंत्र कानात घातले की सगळेच कर्कश होई म्हणून ते काढून खिशात ठेवीत. झांजा गेल्या, मग पेटी गेली. भजनाला जाणे त्यांनी २०१८ साली सोडले. आमच्याशी बोलणेही कमी झाले, कारण प्रत्येक वाक्य दोनदा सांगताना आमच्या आवाजात जो वैताग येई तो मात्र त्यांना बरोबर ऐकू येत असे. हे लिहायला आम्हांला बरे वाटत नाही. पण संध्याकाळी सागाच्या पेटीतला पंधरा इंची स्पीकर लावून आम्ही सरावाला बसलो, की ते खाटेवर हात ठेवून बसत आणि त्यांचे बोट मात्रा मोजत असे. त्यांना बेस ऐकू येत होती. आयुष्यभर ज्याला 'ऐकू कुठे येतंय' म्हटले तेवढेच शेवटी ऐकू येत होते, आणि याचा उल्लेख आम्ही दोघांनीही कधी केला नाही.

२२ जुलै २०२१. जगबुडीचे पाणी पहाटेपूर्वीच गल्लीत शिरले. आम्ही २००५ चा पूर अनुभवला होता, त्यामुळे किती पाणी येते याचा अंदाज आहे अशी आमची समजूत होती. तासाभरात ती समजूत गुडघ्यावरून कमरेपर्यंत आली. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर अण्णांना नेताना आमच्या एका हातात त्यांचा दंड होता आणि दुसऱ्या हातात एकच वस्तू मावणार होती. कागदपत्रांची पिशवी बायकोने घेतली होती. आम्ही खैराचा पखवाज उचलला. खरे सांगायचे तर विचार करून नाही. तो दारापाशी होता.

त्याच दिवशी तालुक्यातल्या पोसऱ्याला दरड कोसळून १७ माणसे गेली. त्यानंतर गिटारींचा शोक करण्याला काही अर्थ नव्हता आणि आम्ही तो केला नाही. पाणी उतरल्यावर घरात गेलो तेव्हा यामाहा आणि व्हायोलिनच्या आकाराची बेस, दोघी आपापल्या पिशव्यांत चिखलाने भरलेल्या सापडल्या. तिन्ही अॅम्प्लिफायर आडवे झाले होते. सागाची पेटी उकलली नव्हती, पण आतला कागदी शंकू पापडासारखा विरघळला होता. शिसवी पखवाज तर सापडलाच नाही. भिंतीवर उंच खुंटीला पडदे काढलेली बेस टांगलेली होती. तिच्या कमरेपर्यंत पाणी आल्याची रेघ होती, आतल्या तारा-जोडण्या गंजायला लागल्या होत्या. पण हर्णैच्या माणसाने दिलेल्या तीन हातांवरून पाणी ओघळून गेले होते. तार छेडली तर बारीकसा आवाज आला. आम्हांला तो माणूस आठवला.

चार दिवस वीज नव्हती. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात माणसे होतो. तिसऱ्या दिवशी अण्णांनी पखवाज पुढे ओढला. हवेतल्या ओलीने पुड्या उतरल्या होत्या. कुणाकडून तरी हातोडी मागून त्यांनी गठ्ठे ठोकायला सुरुवात केली, आणि ऐकू येत नसल्यामुळे शाईच्या पुडीवर तळवा ठेवून ताण चाचपत राहिले. शेजारच्या काकूंनी विचारले, "अण्णा, कणीक देऊ का थोडी?" मदत म्हणून आलेल्या पिठाची पिशवी कोपऱ्यात होती, सात माणसांची. काकूंना दोनदा विचारावे लागले. कळल्यावर अण्णांनी मान हलवली. "खायची कणीक आहे ती. डावी राहू दे."

मग ते एकट्या उजव्या हाताने वाजवू लागले. अर्धा पखवाज, वरचे बोल येत होते आणि प्रत्येक समेपाशी एक खड्डा होता.

आम्ही खाली जाऊन ती गिटार आणली. अॅम्प्लिफायर नव्हता, वीज नव्हती, आणि बेस नुसती वाजवली तर वाजवणाऱ्याच्या पोटापलीकडे जात नाही. पण वाद्यवृंदाच्या दिवसांत लावलेली एक सवय होती: गोंगाटात तारा लावायच्या असल्या की मानेचे टोक दाराला किंवा कपाटाला टेकवायचे, म्हणजे लाकूड बोलते. अण्णा ज्या जुन्या लाकडी खाटेवर बसले होते तिच्या उशाकडच्या फळीला आम्ही गिटारीचे टोक टेकवले आणि त्यांच्या समेवर खालची तार छेडली.

त्यांचा हात थांबला. डावा तळवा त्यांनी फळीवर ठेवला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "उतरलाय. जरा वर घे."

आम्ही खुंटी पिळली. त्यांनी तळवा तसाच ठेवून मान हलवली, अजून नाही. पुन्हा पिळली.